सुळ्यावरची चकली

"झाली का, ताई?" रतननं हातातला झारा कढईवर तसाच धरून विचारलं.

मी चकली तोंडात धरून उभी होते. झाली की नाही ते मला कळतच नव्हतं.

आमच्याकडे दिवाळीच्या चकलीचा पहिला घाणा उतरला की सगळं थांबतं. गॅस बारीक होतो, सोऱ्या खाली ठेवला जातो, कोपऱ्यात डबे पुसणारं माणूससुद्धा मान वर करतं. मग मी त्यातली एक चकली तोंडात घालायची. कट् असा आवाज आला आणि मी "झाली" म्हटलं की पुढचे घाणे सुरू. ही पद्धत माझ्या आईची, सुभद्राबाईची. फराळाचा नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी त्याला तोंड लावायचं नाही, हे तर घरोघरचंच. पण चव पाहिल्याशिवाय लोकांच्या घरी डबे पाठवायचे तरी कसे? म्हणून आईनं वाट काढली होती. एकच तोंड. एकीनं पाहायचं, तिनंच सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आधी ते तोंड तिचं होतं, ती गेल्यापासून माझं.

आणि त्या वर्षी नेमक्या त्याच तोंडात तारा बसल्या होत्या. सेहेचाळीसाव्या वर्षी!

हौस म्हणून नव्हे हो. माझे खालचे पुढचे दात वर टाळूत रुतायचे. जेवताना रक्त यायचं, मी चूळ भरून यायचे आणि गप्प बसायचे. केतकीनं, माझ्या मुलीनं, एकदा बेसिनमध्ये ते रक्त पाहिलं आणि मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. ती पुण्यात नोकरी करते, हट्टाला पेटली की ऐकत नाही. डॉक्टर म्हणाल्या, दात हलवावे लागतील, चावा बदलावा लागेल. मला वाटलं, महिना-दोन महिन्यांचं काम असेल. कसलं काय! दर महिन्याला त्या तार घट्ट करायच्या आणि दर महिन्याला माझ्या तोंडाची घडी विस्कटायची. उजवीकडून चावायची सवय होतेय तोवर उजवीकडचे दात एकमेकांना लागेनासे व्हायचे. डावीकडे वळावं, तर तिथे गाल चावला जायचा. "सासूबाई" म्हणायला गेले की तोंडातून नुसती हवा जायची. भाकरी दुधात, पोळी वरणात, सफरचंद किसून. माणसानं रागवावं तरी कसं नीट, रागावताना थुंकी उडते!

तर त्या सकाळी मी चकली नेहमीप्रमाणे डाव्या सुळ्याकडे नेली. माझा तो सुळा, आईचा होता तसाच, रांगेत कधी नव्हताच. वर चढून, जरा पुढे येऊन बसलेला. शाळेत त्यावरून खूप चिडवून घेतलंय मी. पण चकली तोडावी तर त्यानंच. त्या दिवशी मात्र तो चकलीपर्यंत पोचलाच नाही. मागच्या दातांवर डॉक्टरांनी निळे निळे ठोकळे चिकटवले होते, ते आधी एकमेकांवर आपटले आणि पुढे ही एवढी फट राहिली. चकली त्या फटीत नुसतीच लुडबुडली. मग मी ती आत ढकलली आणि ठोकळ्यांवर दाबली. परवाच तार घट्ट केलेली. कळ थेट कानशिलापर्यंत गेली.

"कडक झालीय," मी म्हटलं.

रतन माझ्याकडे आई असल्यापासून तळणीला आहे. ती कधी उलट बोलत नाही. पण त्या दिवशी ती पुटपुटली, "नेहमीचंच मोहन हाय की ताई."

"मग वाढव."

"वाढवू?"

"मराठीतच सांगितलं ना? पुढच्या पिठात मोहन वाढव."

केतकी खाली बसून डब्यांवर नावं चिकटवत होती. दिवाळीसाठी रजा काढून आली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, चकली कडक नाहीये. तुझे दात दुखतायत."

"तू खाल्लीस?"

"नाही, पण दिसतंय ना..."

"खाल्ली नाहीस ना? मग गप्प बस."

ती पुन्हा नावं चिकटवू लागली. एकच तोंड, आणि ते माझं. आजीचा नियम तिलाही पाठ होता.

मला घाई होती, आणि ती सगळ्यांनाच माहीत होती. शुक्रवारी दुपारी कुरियरची गाडी येणार होती. कराडची जी पोरं परदेशात जाऊन बसलीत, त्यांच्या आया दरवर्षी आमच्याकडून डबे पाठवतात. आईच्या वेळेपासूनची गिऱ्हाइकं. कित्येक डब्यांवर अजून "सुभद्राबाईंची चकली" असंच लिहून मागतात. चुकलेली चकली समुद्रापलीकडे गेली, की तिथून ती माघारी येत नाही, फोन येतो. आणि तो फोन मला नाही, गावातल्या त्या आयांना येतो. मग मंडईत त्या माझ्याकडे बघून हसतात आणि काहीच बोलत नाहीत. त्यापेक्षा शिव्या दिलेल्या बऱ्या.

दुसरं पीठ मळलं. घाणा उतरला. मी चकली घेतली, दाबली, पुन्हा तीच कळ. आणि कळीबरोबर काहीतरी टचकन निखळलं. मी तोंडातलं सगळं तळहातावर काढलं. चकलीच्या चुऱ्यात बारीकसं चकाकणारं काहीतरी.

"अगं बया!" रतन ओरडली. "पिठात खिळा निघाला!"

"खिळा नाही, माझ्या दातावरचं ब्रॅकेट आहे ते!"

केतकीला हसू फुटलं. तिनं लगेच तोंडावर हात धरला. हसताना ती नेहमीच हात धरते, तिचाही डावा सुळा माझ्यासारखाच वर चढलेला. माझं मात्र डोकं फिरलं होतं.

"हसतेस काय? तुझ्या नादानं झालंय हे सगळं! चांगली होते मी, रक्त येत होतं तर येत होतं, चकली तरी कळत होती! रतन, ही पण कडकच आहे. वाढव अजून."

"ताई, आता आणखी वाढवलं तर..."

"वाढव म्हणते ना!"

तिनं वाढवलं. कढत तेल पिठावर ओतताना तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिसरा घाणा कढईत सोडला आणि दोन क्षणांत चकल्यांचे काटे गळून पडले. मग वेढे सुटले. मग तेल फसफसून वर आलं आणि बघता बघता चकलीची चकली राहिली नाही, कढईभर नुसता भुगा तरंगत होता. रतननं झारा घातला, त्यावर गाळ आला. तेल गेलं, पीठ गेलं, सकाळ गेली.

पहिल्या घाण्यातली एक चकली ताटात पडली होती, ती रतननं हातात घेतली आणि मोडली. मोडताना काय सुरेख आवाज आला! तिनं दोन्ही तुकडे परत ताटात ठेवले आणि पदराला हात पुसले. मला वाटलं आता रडूच येणार. म्हणून मी ओरडले, "बंद करा सगळं आजच्यापुरतं!"

संध्याकाळी केतकीच्या स्कूटीवर मागे बसून दवाखान्यात गेले. डॉक्टर शहापुरे म्हणजे केतकीहून चार-पाच वर्षांनी मोठी पोरगी. तिनं माझ्या तोंडात आरसा घातला आणि भुवया वर केल्या.

"काकू, काय खाल्लंत?"

"चकली."

"मी कडक खायचं नाही म्हटलं होतं ना?"

"मी खाल्ली नाही. पाहिली."

तिला काही कळेना. केतकीनं सगळं सांगितलं, एकच तोंड वगैरे. डॉक्टरनं मन लावून ऐकलं, ते मात्र मला आवडलं. ब्रॅकेट पुन्हा चिकटवून झाल्यावर मी उठून बसले आणि म्हटलं, "आता हे सगळं काढून टाका."

"काढू?"

"तारा, ठोकळे, सगळं. मला माझं तोंड परत द्या."

"काकू, ठोकळे काढले तर वरचे दात खालच्या तारेवर आपटतील. आणि तारा काढल्या तर दात आहेत तिथेच अर्धवट राहतील. ना आधीचं, ना नंतरचं. मधला काळ सगळ्यांनाच जड जातो. चावा आधी बिघडतो, मग जुळतो."

"मग पहिल्यासारखं कधी होणार, तेवढं सांगा."

ती सरळच म्हणाली, "पहिल्यासारखं नाही होणार. पहिल्यासारखं होऊ नये म्हणूनच तर हे लावलंय."

मी डाव्या सुळ्यावर बोट ठेवलं. "आणि हा?"

"तो खाली येईल. रांगेत. छान दिसेल."

छान दिसेल! मला त्या पोरीचा असा संताप आला म्हणून सांगू. तिचं काही चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्तच आला. आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं की तो सुळा जाणार. जाणार म्हणजे काढणार नाहीत, पण त्याच्या जागी राहणार नाही, म्हणजे गेलाच की. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून मी त्यानं चकली तोडत आले होते. आई तळायची आणि मी पाटावर बसून तिच्यासारखी तोडून बघायची, नैवेद्य झाल्यावर.

"दोन दिवस विचार करा," डॉक्टर म्हणाली. "तरीही काढायच्या असतील तर या. मी जबरदस्ती नाही करणार."

घरी आले तर आमचे हे झोपाळ्यावर. तोंडात सुपारी. कडाकडा फोडत होते. मुद्दाम नव्हे, त्यांची सवयच ती, पण मला अगदी टोचलं.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"छान दिसेन म्हणाली."

"मग बरंच की! आता तुला बघायला कोण येणार आहे कोण जाणे."

"तुम्ही ती सुपारी आधी थुंका!"

त्यांनी मुकाट्यानं थुंकली. ताटावर बसले तर माझ्यासाठी मऊ भात आणि वरण. रोज तेच, लहान पोराला भरवतात तसं. केतकीनं शेजारी बसून स्वतःच्या ताटात भाकरी घेतली, मग माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी परत टोपलीत ठेवून भात वाढून घेतला. त्यानं तर मी अजूनच चिडले.

"खा गं भाकरी! मी काय मेलेय का?"

"आई, उद्या काय करायचं?"

"उद्या मी सांगितलं तर चकली जाईल. नाही सांगता आलं, तर नाही जाणार. सगळ्यांचे डबे रद्द. न सांगता एकसुद्धा डबा या घरातून गेलेला नाही."

"आणि तारा?"

"शुक्रवारची गाडी जाऊ दे. शनिवारी काढून टाकते."

ती भात कालवत राहिली. मीही मग वरणात तोंड घालून बसले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते वरणात पडलं. पडू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रतन लवकर आली. नवं तेल काढलं, पीठ मळलं, मोहन नेहमीचं. मला विचारलंसुद्धा नाही. केतकी येऊन डब्यांशी बसली. पहिला घाणा उतरला आणि सगळं थांबलं.

मी चकली घेतली. आधी सुळ्याकडे नेली, मग उजवीकडे, मग पुढच्या दातांत धरायला पाहिली. कुठेच काही लागेना, आणि जिथे लागे तिथे नुसतं दुखे. दुखणं एवढं मोठं, की त्याच्यापुढे चकली कडक की मऊ, कच्ची की पक्की, काही म्हणजे काही कळेना. मी जोर लावला. ठोकळ्याची कड गालात घुसली आणि तोंडात रक्ताची चव आली. चकलीची नव्हे, रक्ताची!

"नाही कळत मला!" मी ती चकली फेकली. भिंतीला लागून ती खाली पडली. "काही कळत नाही! बंद कर गॅस, रतन. त्या कुरियरवाल्याला फोन करा, येऊ नको म्हणावं. संपलं!"

मी बेसिनपाशी गेले, सगळ्यांकडे पाठ करून. नळ सोडला, चूळ भरली, लाल पाणी वाहून गेलं. नळ बंद केला. मागे कुणाचा आवाज नव्हता, कढईत तेल तेवढं हळूहळू निवत होतं.

आणि माझ्या पाठीमागे आई होती.

कट्. आणि लगेच एक बारीक, कोरडी किरकिर. पहिला तुकडा तुटतो आणि चकलीचा काटा सुळ्याच्या कडेला घासतो, तेव्हा होते ती. पाटावर बसून मी ऐकलेला तो आवाज. आई गेल्यावर चकली मीच तोडत आले. पण स्वतःच्या तोंडातला आवाज कवटीत घुमतो, दणदणीत वाटतो. बाहेरून तो कसा येतो हे मी विसरूनच गेले होते. विसरले होते हेही मला माहीत नव्हतं.

वळायची मला भीती वाटत होती. बेसिनची कड धरून उभी राहिले. मागे कुणीतरी चावत होतं, सावकाश, एका बाजूनं.

मग वळले. केतकी ताटाजवळ उभी होती. अर्धी चकली हातात, डावा गाल फुगलेला. रतननं पदर तोंडात कोंबला होता.

"तू तोंड लावलंस?" मी विचारलं. "अजून नैवेद्य व्हायचाय."

केतकीचे डोळे भरले होते. घाबरली होती पोर, पण मागे हटली नाही. "नियम मोडला नाहीये, आई. एकच तोंड ना? तुझं आज चालत नाही. मग माझं."

रतन माझ्याकडे बघत होती. आता बाई काय करते, फेकते की मारते, अशी बघत होती. आणि मी एकदम तोच प्रश्न विचारला, जो मला आजवर सगळे विचारत आले होते.

"झाली का?"

केतकी चावत राहिली. मला वाटलं आता घाईनं ‘झाली’ म्हणून मोकळी होणार. गाडी यायची होती, आई रडायच्या बेतात होती, दुसरी कुणी असती तर म्हणालीच असती. तिनं गिळलं. जीभ दातांवरून फिरवली.

"नाही," ती म्हणाली. "मोहन बरोबर आहे. पण मधला वेढा कच्चा आहे. दाताला चिकटतो."

मी ताटातली एक चकली उचलली आणि मधला वेढा दोन बोटांत दाबला. तो मोडला नाही, वाकला. काल मी बोटांनी दाबूनसुद्धा पाहिली नव्हती.

"रतन, गॅस लाव," मी म्हटलं. "आच कमी. जरा जास्त वेळ ठेव."

दुसरा घाणा उतरला. केतकीनं चकली तोंडात घातली. ह्या वेळी तिनं तोंडावर हात धरला नव्हता. कट्.

"झाली," ती म्हणाली, आणि मी खुर्चीवर जाऊन बसले. पुढचा एकही घाणा मी पाहिला नाही.

शुक्रवारी डबे गेले. शनिवारी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरनं आरसा उचलला आणि विचारलं, "मग, काय ठरलं?" मी म्हटलं, "घट्ट कर किती करायची ती."

पुढे बरेच महिने गेले त्यात. चावा अजून कितीदा बिघडला, किती शिव्या मी त्या पोरीला मनातल्या मनात घातल्या, ते सोडा. आता दात सरळ आहेत. टाळूला जखम नाही, मी भाकरी खाते, पेरू खाते, सुपारीसुद्धा फोडून बघितली. सुळा रांगेत येऊन बसलाय. चकली तोडली की साधा आवाज येतो, कुणाच्याही तोंडून येतो तसा.

डॉक्टरनं मध्यंतरी केतकीचा सुळा पाहिला आणि म्हणाली, हिचंही करून टाकू का? त्रास काहीच नाही, नुसतं दिसण्याचं आहे. मी म्हटलं, तिलाच विचारा, माझं यात काही म्हणणं नाही. आणि मग दवाखान्याच्या बाहेर जाऊन उभी राहिले, कारण मला ते उत्तर ऐकायचं नव्हतं. केतकी बाहेर आली, हेल्मेट घातलं आणि म्हणाली, "दिवाळीनंतर बघू." दर वर्षी तेच म्हणते.

दर वर्षी ती पुण्याहून रजा काढून येते. पहिला घाणा उतरतो, रतन गॅस बारीक करते. मी बेसिनपाशी जाते, नळ घट्ट बंद करते आणि पाठ करून उभी राहते. रतनला वाटतं, मी हात धुतेय.